पुठ्ठ्याच्या कारखान्यातला दिनविशेष

किस्से कुणी ठरवून जमवत नाही, राव! आपण नोकरी करत असतो, डबा खात असतो, भोंगा वाजला की पळत असतो. आणि एक दिवस निवृत्त होऊन घरी बसलो की लक्षात येतं, गुडघ्यांत काही उरलेलं नाही, डोक्यावर काही उरलेलं नाही, पण किस्से मात्र पोत्यानं आहेत! आमची ही म्हणते, “पुरे झालं, हा मागच्या दिवाळीतही सांगितला होता.” म्हणून आज तुम्हाला धरलंय. तुम्ही निदान पहिल्यांदा ऐकताय!

गोष्ट पन्नासच्या दशकातली. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात तेव्हा कारखाने बोटांवर मोजावेत इतके. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला आमचा पुठ्ठ्याचा कारखाना, आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना बाजरी. शिफ्ट सुटली की माणूस गेटातून निघायचा तो थेट शेतात! मी टाइम ऑफिसात कारकून. नुकतीच मिसरूड फुटलेली.

माझ्या वर टाइमकीपर होते वर्तक मास्तर. चिंचवडच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि आमच्याकडे हजेरी घ्यायला आले. त्यांची शाळा सुटली, पण खडू सुटला नाही. गेटाबाहेर तीन पायांच्या तिकाटण्यावर एक फळा उभा असायचा, नोटिशीसाठी. नोटीस महिन्याकाठी एक. बाकी दिवस फळा कोरा. मास्तरांना कोरा फळा बघवेना. त्यांनी मॅनेजरसाहेबांची परवानगी काढली, घरून कात्रणांची जाडजूड वही आणली आणि भाद्रपद सरता सरता फळ्यावर रोज सकाळी दिनविशेष उमटायला लागला. आज अमक्याची जयंती, तमक्याची पुण्यतिथी, आणि खाली एक ओळ, ‘माहीत आहे का?’

त्या एका शरद ऋतूत त्या फळ्यानं आम्हाला जेवढा घाम फोडला, तेवढा बॉयलरनंही फोडला नाही!

* * *

सुरुवातच बघा ना. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी सुंदर अक्षरात लिहिलं, ‘आज विषुवदिन. आज दिवस बारा तासांचा व रात्र बारा तासांची.’

चिखलीचा किसन मोरे सायकलवरून आला. चौथी पास, म्हणून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा मान त्याचा. त्यानं वाचलं आणि सायकल तशीच रस्त्यात टाकली.

“आरं, ह्ये बघा! आठ तासांच्या तीन शिफ्टा गेल्या! आजपासनं बारा बारा तासांच्या दोन!”

पाच मिनिटांत गेटाबाहेर शंभर माणूस. आत एक जण जाईना. भोंगा वाजला, परत वाजला. रात्रपाळीची माणसं आत अडकली, कारण त्यांना सोडवायला कुणी जाईना. घरी बाजरी कापणीला आलेली, आणि बारा तास कंपनीत घातले तर कापायची कुणी? किसन फळ्यापुढं उभा राहून म्हणाला, “आमी आठ तासाला आंगठा दिलाय. बारा तास न्हाई जमायचं!”

मास्तर धावत आले. रस्त्यानं एक बाई बाजाराला निघाली होती, डोक्यावर तांबड्या भोपळ्यांची पाटी. मास्तरांनी एक भोपळा उचलला, पहारेकऱ्याच्या हातात टॉर्च दिला आणि म्हणाले, “धरा इकडे. हा भोपळा म्हणजे पृथ्वी, आणि हा टॉर्च म्हणजे सूर्य.” मग त्यांनी भोपळा फिरवत फिरवत शंभर माणसाला भूगोल शिकवला.

किसननं सगळं ऐकून घेतलं. भोपळ्याकडं एकदा निरखून बघितलं.

“म्हंजी हा हुकूम सूर्याचा हाय व्हय? मॅनेजरसायबाचा न्हाई?”

“नाही रे बाबा!”

“मग बोलायचं की आधी!” आणि सायकल उचलून तो पहिला आत गेला. त्याच्या मागं सगळी रांग.

मॅनेजरसाहेब आतून घड्याळ बघत तणतणत आले, “मिस्टर वर्तक, शिफ्ट अर्धा तास लेट कशी झाली?”

मास्तर भोपळा बाईला परत देत म्हणाले, “साहेब, पृथ्वी फिरवायला जरा वेळ लागला!”

* * *

मग मास्तरांच्या मनात आलं, थोरामोठ्यांचे वाढदिवस लिहितो, तर आपल्या माणसांचे का लिहू नयेत? मला म्हणाले, “सगळ्यांच्या जन्मतारखा गोळा कर.”

मी वही घेऊन फिरलो. ज्याला विचारावं तो सांगायचा, “एक जून.” शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली ती तारीख! जे शाळेत गेलेच नव्हते त्यांची आणखीच मजा. एक जण म्हणाला, “प्लेगात गाव रानात राहायला गेलं, तवा मी झालो.” दुसरा म्हणाला, “आमची कपिला गाय व्याली, त्याच्या तिसऱ्या दिवशी.” मी विचारलं, “गाय कधी व्याली?” तर म्हणतो, “माझ्या जन्माच्या आधी तीन दिवस!”

वही मॅनेजरसाहेबांच्या हाती पडली. त्यांनी पानं उलटली आणि हादरले. “अरे, एक जूनला अख्खा कारखाना रजेवर गेला तर?”

* * *

हसण्यावारी न्यायचा नाही असाही एक दिवस आला.

आमचे बॉयलरवाले इब्राहिमभाई. मूळचे चाकणचे, पण नोकरीसाठी भोसरीत खोली घेऊन राहायचे. माणूस बॉयलरसारखाच. वरून शांत, आत धग. तेव्हा त्यांच्या घरी आठ दिवस अबोला चालला होता. कारण एक शेळी! हसीनाभाभींची लाडकी शेळी इब्राहिमभाईंनी न विचारता चाकणला बहिणीच्या घरी पोचवली होती. आठ दिवस भाभी भाकरी वाढायच्या, पण तोंडातून शब्द नाही.

त्या सकाळी मास्तरांनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. पहिली, ‘आजच्या दिवशी’. दुसरी, ‘पाऊणशे वर्षांपूर्वी विलायतेतील एका गिरणीत’. तिसरी, ‘बॉयलरचा भीषण स्फोट’.

शिफ्ट आत गेली. गेटापाशी सामसूम. शेजारच्या शेतातली म्हैस चरत चरत आली, तिला पाठ खाजवायला फळा सापडला. म्हशीची पाठ बरोबर मधल्या ओळीच्या उंचीची! म्हैस गेली. फळ्यावर राहिलं, ‘आजच्या दिवशी बॉयलरचा भीषण स्फोट’.

रस्त्यानं एक सायकलवाला भोसरीकडं निघाला होता. त्यानं वाचलं आणि पायडल मारत सुटला.

दुपारी आम्ही खिडकीतून बघतो, तर रस्त्यावर धुरळा. पुढं हसीनाभाभी, मागं दहा-बारा बाया, पोरंबाळं. भोसरीपासून चालत नव्हे, पळत आलेल्या! भाभींची एक चप्पल वाटेतच गेली होती. गेटाच्या गजांना धरून भाभी बॉयलरच्या दिशेला बघत उभ्या राहिल्या. पहारेकरी सांगत होता, “काई झालं न्हाई, भाभी, समदं ठीक हाय,” पण ते त्यांच्या कानात शिरत नव्हतं.

मी बॉयलरकडं धावलो. इब्राहिमभाई नखशिखांत काळे, हातात फावडं, तसेच बाहेर आले.

भाभींनी त्यांना वरपासून खालपर्यंत दोनदा बघितलं. दोन्ही हात, दोन्ही पाय मोजून घेतले जणू.

“जिंदा हो?”

“हो की. का?”

भाभी मटकन खाली बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग त्या म्हणाल्या, “बकरी रहने दो उधरच. शाम को जल्दी घर आओ.”

मास्तर तर पांढरेफटक पडले होते. इब्राहिमभाईंचे पाय धरायचेच बाकी. म्हणत होते, “भाई, चूक झाली, फार मोठी चूक झाली. उद्यापासून फळा बंद.”

इब्राहिमभाईंनी मास्तरांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, “बंद कशाला, मास्तर? महिन्यातनं एकदा असा स्फोट लिवत जावा!”

* * *

पुढची चूक मास्तरांची नाही. ती शंभर टक्के माझी.

मास्तर दोन दिवस तापानं झोपले. फळा माझ्याकडं आला. नेमकं त्याच दिवशी मुंबईहून आमचे म्हातारे डायरेक्टरसाहेब येणार होते, आणि त्या दिवशी त्यांचा वाढदिवस. मॅनेजरसाहेब म्हणाले, “फळ्यावर झकास लिही. मोठ्या अक्षरात.”

मी रंगीत खडू आणले. झेंडूची वेलबुट्टी काढली. मध्ये लिहिलं, ‘आमचे सन्माननीय डायरेक्टरसाहेब’, आणि त्याच्या खाली... आता काय सांगू! इतके दिवस जयंत्या आणि पुण्यतिथ्यांच्याच संगतीत होतो हो. हात आपोआप चालला, ‘यांची आज पुण्यतिथी. त्यानिमित्त विनम्र अभिवादन!’

आणि वर फळ्याला झेंडूचा हार घातला!

मोटार आली. डायरेक्टरसाहेब उतरले. सत्तरी ओलांडलेले, हातात काठी. पुण्यात शिकलेले, मराठी उत्तम. ते फळ्यापुढं थांबले. मॅनेजरसाहेबांनी कौतुकानं फळ्याकडं बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मला तर घरी आईला काय सांगायचं, तेच दिसायला लागलं. वडील नव्हते, नोकरी लागून तीन महिने झाले होते.

साहेबांनी फळा सावकाश, पूर्णविरामापर्यंत वाचला. मग विचारलं, “कुणी लिहिलं?”

मी पुढं झालो. “मी, साहेब.”

“अक्षर चांगलं आहे. ठसठशीत. जरा उजवीकडे कलतंय, एवढंच,” साहेब म्हणाले. मग मॅनेजरकडं वळून म्हणाले, “आज मला एकही फाइल दाखवायची नाही. गेलेल्या माणसाला त्रास देऊ नये! चला, चहा पाजा.”

आणि जाता जाता माझ्या खांद्यावर काठी टेकवून म्हणाले, “बेटा, हार मात्र काढून ठेव. पुढं कधीतरी लागेल!”

* * *

खंडेनवमीला आमच्याकडं एक परदेशी पाहुणा होता. स्वित्झर्लंडहून नवं मशीन आलं होतं, ते बसवायला त्यांचा इंजिनिअर आला होता. उंच, लालबुंद, आणि बिचारा एकटा. खंडेनवमीला आम्ही त्याच्या मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले, तर तो घाबरला. मास्तरांनी त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. किती समजलं देव जाणे, पण त्याच्या डोक्यात एवढंच शिरलं की आज मशीनचा वाढदिवस आहे!

तो जीपनं पुणे कॅम्पात गेला आणि केक घेऊन आला. वर तीन मेणबत्त्या, मशीन येऊन तीन महिने झाले म्हणून. केक मशीनपुढं ठेवला, मेणबत्त्या पेटवल्या, आणि तो आमच्याकडं बघत उभा राहिला. आता फुंकायचं कुणी? ज्याचा वाढदिवस त्यानं फुंकायचं म्हणे! सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतायत, मेण केकवर ओघळतंय.

गर्दीतून इब्राहिमभाई बाह्या सरसावत पुढं आले. “सरका. वाफ सोडायचं काम बॉयलरवाल्याचं!”

* * *

आता गेटावरच्या पहारेकऱ्याबद्दल सांगायला हवं. टॉर्च धरून सूर्य झालेले तेच हे. पिंपळे गुरवचे जगताप. लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झाले, म्हणून सगळे हवालदारच म्हणायचे. महायुद्धात इटलीत लढाईला गेले होते. तिथल्या गोष्टी सांगायचे, आणि कुणाचा त्यावर विश्वास नव्हता. “पाय मोडला तवा तिथल्या एका म्हातारीनं तीन महिनं घरात ठिवून घेतलं. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा खायला घालायची. पोलेंता म्हनायची त्याला.” लोक डोळे मिचकवायचे. मागं त्यांचं नावच पडलं होतं, ‘लांबची थाप’. त्यांना ते माहीत होतं. गोष्टी सांगणं त्यांनी हळूहळू कमी केलं होतं.

दसऱ्यानंतर एकदा फळ्यावर ओळ होती, ‘माहीत आहे का? जगात एक देश असा आहे, की तो तासाभरात पायी चालून संपतो.’

हवालदार सहज बोलून गेले, “ठाव हाय. इटलीतच हाय त्यो. रोम शहराच्या पोटात. मी त्याच्या दारापातूर जाऊन आलोय.”

झालं! रांग हसत सुटली. किसन म्हणाला, “शहराच्या पोटात देश? हवालदार, मग उद्या तुमच्या पोटात तालुका निघंल!” हवालदार काठी घेऊन गेटाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात तो परदेशी इंजिनिअर आतून आला. हवालदारांनी त्याच्याकडं बघितलं. काय वाटलं कोण जाणे, टाच जुळवून सलाम ठोकला आणि म्हणाले, “बोन जोर्नो, सिन्योरे!”

इंजिनिअर जागीच थांबला. त्याच्या देशाच्या दक्षिणेकडच्या मुलखात घरात इटालियनच बोलतात, हे आम्हाला कुठं माहीत! तीन महिने बिचाऱ्याच्या कानावर आईच्या भाषेचा एक शब्द पडला नव्हता. त्यानं भडाभडा बोलायला सुरुवात केली, आणि आमचे हवालदार अडखळत, हातवारे करत, पण उत्तरं देत होते! मध्येच ‘पोलेंता, पोलेंता’ म्हणून दोघंही पोटावर हात फिरवून हसले. इंजिनिअरनं डोळे पुसले. हवालदारांनी मिशी पुसली.

शेवटी किसननं चाचरत विचारलं, “हवालदार, काय म्हनला ओ त्यो?”

हवालदार ताठ उभे राहिले. “म्हनला, तुमचा हवालदार खरं बोलतो. त्यो देश हाय.”

“आन् आजून?”

“आजून म्हनला, पर पिंपळे गुरव त्याच्यापरास मोठं हाय!”

* * *

आता शेवटचा. हा मी फार कुणाला सांगत नाही.

मास्तर चिंचवडला माझ्या घरासमोरच राहायचे. दोन खोल्या, पुढं ओटा. घरात ते आणि माई, म्हणजे त्यांची बायको. एकुलती लेक लग्न होऊन इंदूरला गेल्यापासून ते घर फार शांत झालं होतं. संध्याकाळी मास्तर कात्रणांची वही घेऊन बसायचे, माई समोर वाती वळत बसायच्या. मास्तरांना सगळ्या जगाच्या तारखा पाठ. कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं, कोणता पूल कधी बांधला. माईंशी मात्र दिवसाकाठी दहा शब्द बोलत असतील नसतील. भांडण नव्हतं हो. सवय सुटली होती, एवढंच.

कोजागिरी होऊन दोन-तीन दिवस झाले होते. सकाळी मी आणि मास्तर बरोबरच गेटावर पोचलो. मास्तर खडू घेऊन फळ्याकडं वळले आणि थबकले. फळा आधीच कुणीतरी लिहून ठेवला होता. ठसठशीत, थोडं उजवीकडं कललेलं अक्षर.

‘आजच्या दिवशी वर्तक मास्तरांचे लग्न झाले. माहीत आहे का?’

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हे कुणी लिहिलं?”

हवालदार गेटाच्या कुलपाशी खटपट करत होते. वर न बघता म्हणाले, “मी न्हाई बघितलं, मास्तर. आन् बघितलं असतं, तरी न्हाई बघितलं.”

तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला माणूस, पण ते अक्षर त्यांना ओळखता येईना. आणि खरं सांगतो, त्यांचं लक्ष अक्षराकडं नव्हतंच. ते खुर्चीत येऊन बसले ते एकदम लहान झाल्यासारखे. “माझ्या लक्षात नव्हतं रे,” ते म्हणाले. “एकाही वर्षी लक्षात नव्हतं. तिनं कधी बोलूनही दाखवलं नाही.” कात्रणांची वही त्यांनी उघडली, मिटली. हजेरीपटावर दोनदा भलत्याच नावापुढं खूण केली. अकरा वाजता उठले आणि मॅनेजरसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले. आयुष्यातला पहिला हाफ-डे मागायला!

मला म्हणाले, “तूही चल. मला गजऱ्यातलं काही कळत नाही.” मला तरी कुठं कळत होतं! तरी बाजारातून आम्ही शेवंतीची वेणी घेतली, पेढे घेतले. वाटेत मास्तर तीनदा थांबले. “काय म्हणू रे तिला?” शंभर माणसाला भोपळ्यावर भूगोल शिकवलेला हा माणूस!

माई दारातच तांदूळ निवडत होत्या. “आज इतक्या लवकर? बरं नाही का?”

मास्तरांनी वेणीचा पुडा पुढं केला. पान सुटून वेणी खाली पडता पडता राहिली. “आज... आपल्या लग्नाचा वाढदिवस आहे.”

माईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत त्यांच्याकडं.

“कुणी सांगितलं?”

“फळ्यावर लिहिलं होतं.”

“अस्सं,” माई म्हणाल्या. “फळ्यावर होतं, म्हणजे खरंच असणार.” त्यांनी वेणी घेतली, आत गेल्या, आणि केसांत माळूनच बाहेर आल्या. मास्तर ओट्यावर बसले. माई त्यांच्या शेजारी बसल्या, सूप मांडीवर घेऊन. मास्तर काहीतरी सांगायला लागले. लग्नातल्या पंगतीत वाढप्याचा पाय घसरला होता, ते. माई हसल्या. त्या घरातून हसू ऐकू आल्याला किती दिवस झाले होते!

मी हळूच निघालो. फाटकापर्यंत गेलो, तर मागून माईंनी हाक मारली. माझ्या हातावर दोन पेढे ठेवले. ओट्याकडं एकदा वळून बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

“त्यांना सांगू नकोस हं. पण तूच सांग, चातुर्मासात कुणाची लग्नं लागतात का रे?”